आधीचा फोटो

पुणे,
३ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी आज उत्तराला बसले आहे. तू पाठवलेली जवसाची चटणी मात्र आठ दिवसांत संपली. बाबा म्हणतात, आत्याला फोन कर, या जमान्यात पत्रं कसली लिहितेस. त्यांना काय सांगू? फोनवर तुझं बोलणं मला निम्मं कळतं, आणि मी नुसतं हो-हो करते आहे हे तुला पुरतं कळतं. कागदावर तसं होत नाही. कागदावर तुझ्याइतकं स्वच्छ बोलणारं आपल्या घरात दुसरं कोणी नाही.

माझ्या नोकरीचं विचारलं होतंस. आमचं ऑफिस वेबसाइट बनवून देतं, आणि आमच्याकडे येतात ते बहुतेक प्लास्टिक सर्जन, खासगी दवाखान्यांचे. त्यांची पानं मराठीत लिहायचं काम माझं. या सगळ्या वेबसाइट सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. वर डॉक्टर हाताची घडी घालून हसत असतात. खाली नाक, पोट, केस, सुरकुत्या अशी दारं, ज्याला जे सलतं त्यानं त्या दारातून आत जायचं. 'आत्मविश्वास' हा शब्द मी दिवसातून तीसेक वेळा लिहिते. 'व्यंग' लिहायचं नाही अशी ताकीद आहे, पण वाचणाऱ्याला ते आठवलं पाहिजे. आमचे प्रसेनजित सर म्हणतात, "दुःख दोन ओळी, उपाय दहा ओळी." आणि मग 'आधी' आणि 'नंतर' अशा फोटोंच्या जोड्या. लोक बाकीचं सगळं सोडून तेवढ्याच बघतात.

गेल्या आठवड्यात एका नव्या दवाखान्याचं पान माझ्याकडे आलं: जन्मतः दुभंगलेला ओठ आणि टाळू. दोन दिवस मला एक ओळ सुचली नाही. मग तुझा चेहरा डोळ्यांसमोर ठेवला, आणि एका बैठकीत सगळं लिहून झालं. सर म्हणाले, हे तुझं आजवरचं सगळ्यात चांगलं पान. छापून सोबत पाठवते आहे.

त्यात शेवटी एक वाक्य आहे, मोठ्या वयातही हे ऑपरेशन करता येतं. ते मी उगाच लिहिलेलं नाही. अठ्ठावन्न म्हणजे काही फार वय नाही, आत्या. रागावू नकोस.

तुझी
छकुली


सोनाळा,
१२ ऑगस्ट

छकुली बाई,

रागावली नाई. आधी तेच सांगते, नाईतं तू पत्रभर भेत भेत वाचशीन.

तुह्यं पान तीनदा वाचलं. चांगलं लिवलं. 'हसू परत मिळवा' असं वर मोठ्या अक्षरात हाये, ते मात्र समजलं नाई. परत काऊन? कोणी नेलं होतं?

आता काही इचारते. लेकराचं ऑपरेशन करतात तं ते किती महिन्याचं लागते? वजन किती लागते? भूल देल्यावर लहान लेकरू धडपणे उठते ना? पुण्यालेच यावं लागते का अकोल्याले बी होते? आन सगळ्यात मोठी गोष्ट, ऑपरेशन होईपर्यंत लेकराले पाजायचं कसं, ते तुह्या पानात कुठीच नाई. असं लेकरू आंगावर ओढू शकत नाई. दूध नाकातून येते, लेकरू दमते, माय घाबरते. माही माय मले उभं धरून बोंडल्यानं पाजे. एका वक्ताले तास लागे. शेजारच्या बाया म्हणत, काऊन जीव काढतं, सोड. तिनं नाई सोडलं, म्हून मी पत्र लिवून राह्यली. ऑपरेशन एका दिसाचं, पाजणं रोजचं. ते काऊन नाई लिवत तुम्ही लोक?

माह्यं शिवणकाम बरं चालू हाये. या महिन्यात गावात सात बाळंतपणं झाली, झबली-टोपडी पुरून नाई राह्यली.

हे सगळं सहज इचारलं. पण उत्तर साध्या टपालानं नको, स्पीड पोष्टानं धाड.

तुही
जनकाआत्या


पुणे,
२० ऑगस्ट

आत्या, माझी गुणाची आत्या,

सहज विचारणारी बाई स्पीड पोस्ट मागत नाही. ओळखलं मी. स्वतःचं विचारायला लाजलीस म्हणून लेकराचं नाव पुढे केलंस, होय ना? गणेशदादाच्या लग्नात आइस्क्रीम हवं होतं तेव्हाही "छकुलीले पाह्यजे" म्हणून मागवलं होतंस.

तर ऐक. मी त्या दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमना भेटले. तुझ्याबद्दल सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, अवश्य आणा, फी नको. १८ सप्टेंबरला तपासणी, सगळं नीट असलं तर तीन दिवसांनी ऑपरेशन. मी शेगावहून तुझं रेल्वेचं तिकीटही काढलं. खिडकीची जागा आहे.

दवाखान्याच्या ऑफिसची एकच विनंती आहे, वेबसाइटवर तुझ्याबद्दल चार ओळी आणि फोटो असावेत. त्या फोटोची काळजी तू करू नकोस. ते मी बघते.

मला किती आनंद झाला आहे ते तुला सांगता येणार नाही. बाबांना अजून बोलले नाही. लहानपणी देवापुढे हात जोडून मी काय मागायचे, ते तू आलीस की सांगेन.

तुझी
छकुली


सोनाळा,
२९ ऑगस्ट

छकुली,

तिकीट रद्द कर.

मी माह्यासाठी इचारलं नव्हतं. लेकरू म्हणजे लेकरूच होतं. तुले आधी सांगतलं नाई ही माही चूक, आता सगळं सांगते.

बसस्टँडजवळ मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान हाये त्या अकरमची बायको, समीना. वर्सभर माह्याकडे शिवण शिकाले येत होती. लय हुशार पोरगी, माह्यं बोलणं पहिल्या आठवड्यातच समजाले लागली. दोन जुलैले तिले पोरगी झाली, गौसिया. पोरीचा ओठ डाव्या बाजूनं फाटेल, टाळू बी उघडी. माह्यासारखीच.

मंग गावाले तोंड फुटलं. सासू आलिमाभाभी म्हणे, पोटुशी असताना हातात कैची धरत होती, मी नाई म्हणत होती. दुसरी एक बाई म्हणे, कैचीचं काय घेऊन बसली, वर्सभर रोज ज्या तोंडापुढे बसली तेच पोरीले आलं. मी झबलं घेऊन गेली होती, दारातच ऐकलं. झबलं उंबऱ्यावर ठेवलं आन वापस आली. तवापासून गेली नाई. म्हून तुले बी लिवलं नाई. लिवलं असतं तं हे बी लिवावं लागलं असतं.

पण समीना निरोप धाडे, दूध नाकातून येते, काय करू? मी चिठ्ठीत लिवून देत होती. तुह्यं पान बी देलं. अकरमनं ते वाचलं, मोबाइलवर तो दवाखाना शोधला आन परवा संध्याकाळी माह्या घरी आला. मोबाइल माह्यापुढे धरला. तो मले आत्या म्हणते, त्यायच्या बोलीत फुफी. म्हणे, "फुफी, ये आपच है ना?"

मीच होती. गणेशच्या हळदीतला फोटो. तू मले ओढून नाचाले नेलं होतं, तवाचा. बाकीचे लोक कापले, तू सोताले बी कापलं, माह्या खांद्यावर तुही दोन बोटं तेवढी राह्यली. खाली लिवेल होतं 'आधी'. बाजूले दुसऱ्याच कोण्या बाईचा फोटो, तिच्याखाली 'नंतर'. तिचे दात लय चांगले हायेत.

छकुली, त्या दिवशी मी किती खूश होती ते तुले माहीत हाये. माह्या उभ्या जन्मात मी चारचौघात कधी नाचली नव्हती. तू त्याच्याखाली 'आधी' लिवलं. मले वाटत होतं, ते माह्यं आताच हाये.

माह्यं जाऊ दे. अकरम म्हणे, "फोटोच झूठा तो बाकी क्या सच्चा? मी माही पोरगी अशा लोकायच्या हाती देत नाई." उठून गेला. तुह्या पानात जे खरं होतं ते बी आता त्याले खोटंच वाटून राह्यलं. पोरगी दोन महिन्याची होऊन राह्यली, वजन तीन किलो बी नाई. आता मी त्याले काय सांगू, ते तू मले सांग.

जनकाबाई


पुणे,
३ सप्टेंबर

आत्या,

तू खाली 'जनकाबाई' लिहिलंस. ते बरोबरच आहे.

फोटो मीच दिला. दुसऱ्या कोणावर ढकलत नाही. सर म्हणाले, पानावर खरा चेहरा हवा, विकतचे 'आधी'चे फोटो खोटे वाटतात. माझ्या मोबाइलमध्ये तू होतीस. सोनाळ्यात कोण बघणार आहे, असं मी म्हणाले. नेमकं हेच म्हणाले. तुला विचारावं हे मनात आलं नाही असंही नाही. आलं, आणि तू नाही म्हणशील म्हणून विचारलं नाही. मग मी तुला इथे आणायला निघाले होते, म्हणजे 'नंतर'चा फोटोही खरा झाला असता आणि माझं पाप झाकलं गेलं असतं. हे मला तुझं पत्र वाचेपर्यंत स्वतःलाही माहीत नव्हतं.

पत्र आलं त्याच दुपारी फोटो काढून टाकला. सरांशी भांडण झालं. मग मी थेट डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांना वाटत होतं तू संमती दिली आहेस, आणि 'नंतर'चा चेहरा दुसऱ्याच बाईचा आहे हे तर त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत, दवाखान्याच्याच ऑफिसवर ओरडल्या. मग बाळाचं विचारलं, आणि पेशंट बाहेर थांबवून स्वतःच्या हातानं अकरमभाईंना दोन पानी पत्र लिहिलं. ते सोबत आहे. मी त्यातला एक शब्दही बदललेला नाही.

त्यांनी लिहिलं आहे की हे कैचीनं होत नाही, ग्रहणानं होत नाही, कोणाचं तोंड पाहून तर मुळीच होत नाही. पुण्याला यायची गरज नाही, अकोल्याला एका ट्रस्टच्या दवाखान्यात हे ऑपरेशन मोफत होतं, तिथला नंबर दिला आहे. वजन पाच किलोच्या आसपास हवं, तोवर बाळाला उभं धरून लहान चमच्यानं थोडं थोडं पाजायचं, मधे मधे ढेकर काढायचा. टाळूचं ऑपरेशन वर्षाच्या आसपास वेगळं. पुढे बोलण्याचा सराव लागेल. आणि हेही लिहिलं आहे की ओठावर खूण राहील, नाक थोडं एका बाजूला दिसू शकेल, शंभर टक्के कोणी देत नाही. असं वाक्य मी आजवर एकाही वेबसाइटवर लिहिलेलं नाही.

मी सातवीत असताना तू शाळेच्या गॅदरिंगला चिखलीला आली होतीस. मैत्रिणींनी विचारलं, ही कोण? मी म्हणाले, आमची शिवणवाली. तू मागेच उभी होतीस. तू ऐकलंस की नाही, हे सोळा वर्षं मला विचारता आलेलं नाही.

छकुली


पुणे,
६ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र नाही. मी रोज खालची पेटी उघडून बघते.

मॅडमनी ते पान माझ्याकडून पुन्हा लिहून घेतलं. आता त्यात पाजण्याचा भाग सगळ्यात वर आहे, तुझ्या पत्रातून घेतलेला. यावेळी तुझं नाव नाही, फोटो नाही. तरी तुला नको असेल तर एका ओळीत कळव, काढून टाकते. 'हसू परत मिळवा' खोडलं. सर म्हणाले, या पानात आता विकण्यासारखं काही उरलं नाही. बहुतेक पुढच्या महिन्यात मी दुसरीकडे काम शोधेन.

माफ कर असं म्हणायला हे पत्र नाही. फक्त बाळाचं वजन किती झालं ते कळव.

छकुली


सोनाळा,
२४ नोव्हेंबर

छकुली,

पाच किलो दोनशे. तू इचारलं होतं म्हून आधी तेच लिवलं.

मी रागावली होती म्हून पत्र नाई धाडलं असं नाई. रागावली तं होतीच, पण वेळ बी नव्हता.

डॉक्टरीणबाईचं पत्र आलं तवा मी लुगडं बदललं आन सरळ अकरमच्या घरी गेली. समीना पोरीले मांडीवर घेऊन बसेल होती, पोरीच्या तोंडावर ओढणी. आलिमाभाभीनं मले पाहून तोंड फिरवलं. मी म्हणलं, आज कोणी काही म्हणा, मी वाचूनच जाईन. अकरमले माह्यं बोलणं नीट समजत नाई. तं मी एक वाक्य वाचलं की समीना ते पुन्हा म्हणे. असं दोघींनी मिळून दोन पानं वाचली. कोणाचं तोंड पाहून होत नाई, हे वाक्य मी वाचलं. समीनानं ते दोनदा म्हणलं, सासूकडे पाहून.

खूण राहीन, नाक वाकडं दिसू शकते, तिथं आलो तवा अकरमनं हात वर केला. म्हणे, फिर से पढो. पुन्हा वाचलं. मंग म्हणे, "जो दाग पहलेच बता रहा, वो झूठ नहीं बोलता." त्याच दिवशी त्यानं अकोल्याले फोन लावला.

मंग पाजणं. सकाळी एक वक्त, दुपारी एक वक्त, मी जात होती. पहिले आठ दिवस पोरगी दूध कमी आन आमच्या आंगावर जास्त टाके. आठवड्याले अंगणवाडीच्या काट्यावर वजन करो. एका हप्त्यात तं पन्नास ग्रॅम कमीच भरलं. समीना म्हणे, फुफी, माह्याच्यानं नाई होत. मी तिले माह्या मायची गोष्ट सांगतली. दुसऱ्या दिवशी गेली तं आलिमाभाभी वाटी-चमचा उकळत्या पाण्यातून काढून बसेल, पोरगी तिच्या मांडीवर, उभी धरेल. मले म्हणे, "देखते क्या, सिखाओ." मी शिकवलं. तिचा हात आम्हा दोघींपेक्षा थिर हाये. पोरगी तिच्याच हातानं वाढली.

चौदा तारखेले ऑपरेशन झालं. मी बी संगे गेली. टाक्याले हात लागू नये म्हून लेकराची कोपरं बांधा लागतात, तं मी पुठ्ठा घालून दोन लहान बाह्या शिवून नेल्या होत्या. तिथल्या नर्सबाईनं आणखी सहा मागतल्या. शिवून राह्यली.

दीड तास लागला. अकरम जिन्यात बसून होता, भाभी तसबीहचे मणी ओढत होती. पोरीले बाहेर आणलं. ओठ सुजेल, नाकाखाली काळ्या टाक्याची बारीक रेघ, पण बंद. एकदम बंद, छकुली. अकरम रडला, भाभी रडली. समीनानं पाह्यलं आन ती बी रडाले लागली, पण तिचं रडणं वेगळं होतं. ते थांबेच ना. मी तिले बाजूले नेलं. म्हणलं, काऊन वं? चांगलं तं झालं. डॉक्टर बी चांगलं म्हणून राह्यला.

म्हणे, "फुफी, कोणाले सांगू नका. लोक मले येडी म्हणतीन. पण माही गौसिया आता तशी हसणार नाई. ती हसे तं हसू पार नाकापर्यंत जात होतं. सगळं तोंड उघडून हसे. मले तेच आवडत होतं. मी तिले उगाच ओढणीत झाकत होती. झाकून झाकून मीच पाहत होती."

मी तिले पाण्याच्या नळाजवळ बसवलं, तोंड धुवाले लावलं. मंग मी बी तिच्याजवळ खालीच बसली.

अठ्ठावन वर्सं झाली, छकुली. लोकायनं या तोंडाची कीव केली, कोणी भेले, कोणी न पाह्यल्यासारखं केलं. माही माय मले तास तास पाजे ते मले माहीत होतं. ती बिचारी जीव वाचवून राह्यली असं मले वाटे. पण पाजता पाजता तिले हे तोंड आवडत असन, हे माह्या मनात कधी आलंच नव्हतं. वीस वर्सांच्या पोरीनं सांगतलं तवा समजलं. तिथं नळाजवळ बसून मी मायच्या नावानं रडली. ती जाऊन तीस वर्सं झाली, आन असं रडणं आताच आलं.

तिथल्या डॉक्टरनं जाता जाता मले बी खुर्चीवर बसवून टाळू पाह्यली. म्हणे, भोक बुजवता येते, जेवण नाकात जाणं थांबीन, बोलणं थोडं सुधरन, लय नाई. मी हाव म्हणलं. जानेवारीची तारीख देली. ओठाचं बी करून देतो म्हणे. मी म्हणलं, ओठाले हात लावू नका.

तुह्यं नवं पान अकरमनं मोबाइलवर वाचून दाखवलं. असू दे ते, काढू नको. चमचा लहान घ्या असं लिवलं, तिथं 'आधी उकळून' हे बी लिव.

गॅदरिंगचं इचारलं होतं. ऐकलं होतं. त्या दिवशी तुह्या फ्रॉकची शिलाई काखेत उसवेल होती, बारा वर्साची पोर हात खाली दाबून उभी होती. मी घरी येऊन आधी ते शिवलं. मंग रडली. मंग जेवली. तुले लहान असताना जे बोलता आलं नाई ते तू आता लिवलं, माह्यासाठी तेवढं पुरे.

जानेवारीत दवाखान्यात संगे कोणी लागते. समीना येतो म्हणते, पण तिच्या कडेवर लेकरू. तू ये. दोन दिवस मले बोलता येणार नाई म्हणतात, तं तूच बोल. मी ऐकते.

तुही
आत्या